‘कच्ची बी’मधली थांबलेली जागा

हे मी आजवर कुणाकडेच बोललेले नाही. बाबांकडे नाही, बँडमधल्या तिघांकडेही नाही. आईला सांगायची गरजच नाही — ती तिथे होती. तेच जास्त अवघड आहे.

‘कच्ची बी’ हा आमचा अल्बम कदाचित तुम्ही ऐकला असेल. मालवणच्या कॉलेजातल्या आम्ही चौघांनी केलेला, मालवणी बोलीतला रॉक. इथली गिटार शिकणारी मुलं आता त्यातलं शेवटचं गाणं आधी बसवतात. त्यात ठेका वेगात धावत असतो आणि एकदम तुटतो. चार मात्रा — काहीच नाही. मग गिटार कोसळते. आता इथला जो तो बँड आपल्या गाण्यात अशी एक जागा ठेवतो. हे कसं सुचलं, असं मला विचारतात. मी म्हणते, सुचलं.

सुचलं म्हणजे काय?

तो ठेका ड्रमचा नाही. माझी आई एकोणीस वर्षं काजूच्या शेडमध्ये कटिंगला, म्हणजे बी फोडायच्या मशीनवर होती. डाव्या हाताने बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पॅडल दाबायचं, उजव्या हाताने दांडा ओढायचा. खट्, कर्र. त्या आवाजावर मी शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तो आवाज गाण्यात हवा, असं मला मनापासून वाटत होतं. की आपण किती वेगळं करतोय, हे लोकांना दाखवायचं होतं? खरंच ठरवता येत नाही.

सुट्टीच्या रविवारी मालकांनी शेडची चावी दिली. आम्ही दोघीच होतो. मशीनशेजारी माझा फोन रेकॉर्डिंगला ठेवला. आईच्या कानात ईअरफोन घातला, त्यात आमचं गाणं. तिचा वेग गाण्याच्या मागे पडत होता.

“आये, जरा भरभर कर गो.”

“माझो पाय काय तुझ्या गाण्याक बांधललो आसा?” ती हसली. पण तिने वेग वाढवला. मी अजून वाढवायला सांगितला. तीनदा झालं. मग ती म्हणाली, “हात मागे रवता गो. बी नीट धरूक गावणा नाय.”

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि म्हटलं — “शेवटचं एकदाच.”

खट्, कर्र, खट् — आणि काही नाही.

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं.

दुसऱ्या दिवशी मालक घरी आले. कसं झालं, त्यांनी आईला विचारलं. बाबा दारातच उभे होते. ती तोंड उघडायच्या आत मी बोलले, “तिचं लक्ष नव्हतं.” मला भीती होती — बाबा गाणं बंद करतील, कदाचित कॉलेजही. आईने माझ्याकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाली, “होय. नजर चुकली माझी.”

“वय झाला तुमचा, वहिनी,” मालक म्हणाले. “आता सोलणीत बसा.”

शेडमध्ये नवी मुलगी आली की बी कशी धरायची ते शिकायला तिला आईशेजारी बसवत. एकोणीस वर्षांत तिला एक ओरखडा नव्हता. आता ती कोपऱ्यात गरांची सालं काढते आणि नव्या मुलींना दुसरं कुणी शिकवतं. हे बोट कापल्यामुळे झालं, की माझ्या त्या तीन शब्दांमुळे? बोट तर भरून आलं.

आणि तरी मी तोच टेक वापरला. तो सगळ्यात चांगला होता.

मागच्या महिन्यात फोंडाघाटला एका नव्या बँडने आमचं गाणं वाजवलं. त्या जागी ड्रमरने काठ्या वर धरल्या आणि अख्ख्या मैदानाने हात वर केले. आमच्या बँडमधला विनू मला कोपराने ढोसत म्हणाला, “बघ गो, तुझी जागा!” मी हसले. हातही वर केला.

मूळ रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. चार मात्रांनंतर ते थांबत नाही. पुढे आईचा आवाज आहे, दात आवळून बोलल्यासारखा — “बिघडला काय गो तुझा गाणा? परत करूया?”

तेवढं मी कापलं.