कलम नसलेला गुन्हा

भिवंडीच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या सरलाबाई चित्रे कोणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीला, माधवीला, त्यांनी एकटीने वाढवलं. अठ्ठ्याण्णव साली माधवीला विदर्भातल्या एका फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बाईंना एवढाच धीर होता की तिथल्या वसतिगृहात भिवंडीजवळच्या कशेळीची मैना होती, एक वर्ष पुढे. "आपल्याकडची मुलगी आहे, लक्ष ठेवील," असं त्या शेजारणींना सांगत.

गणपतीच्या आधीच माधवी न कळवता घरी आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. बोलेना की ओढणी सोडेना. डावीकडून हाक मारली तर तिला ऐकू येत नव्हतं. कडी वाजली की ताटावरून उठून मोरीत जाऊन उभी राही. शेवटी बाईंनीच ओढणी हलकेच सोडवली. कमरेपर्यंतची वेणी मुळापासून कापलेली होती.

तेव्हा कुठे तिला कंठ फुटला. वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं. नाच म्हणाल्या, ती नाचली नाही. कानाखाली मारली ती मैनाने. कात्रीही तिच्याच हातात होती.

बाई लेकीला घेऊन तिकडे गेल्या. प्राचार्य हसले. "अहो, वसतिगृहात थोडी थट्टामस्करी चालायचीच."

पोलीस ठाण्यात फौजदाराने पेन खाली ठेवलं. "रॅगिंग? त्याला आपल्याकडे कलम नाही, बाई."

बाईंना मद्रासला शिकणाऱ्या भाच्याचं, सुधीरचं, फोनवरचं बोलणं आठवलं. "मावशी, इथे गेल्याच वर्षी कायदा झालाय. रॅगिंग केलं तर तुरुंग आणि कॉलेजातून हकालपट्टी. प्राचार्यांनाही कानाडोळा करता येत नाही." मार तोच, देशही तोच, तिथे गुन्हा आणि इथे गंमत. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"मग रॅगिंग लिहू नका. माझ्या मुलीला कोंडलं, मारलं, कानाचा पडदा फाटला, एवढं लिहा. त्याला तरी कलम आहे ना?"

फौजदाराने पेन उचललं.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी दाराशी जीप थांबली. मैनाचे वडील केसरीनाथ दोन माणसांना घेऊन आत आले.

"बाई, पोरीचं लगीन जमलंय. कोर्टात नाव गेलं तर मोडंल. मस्करी व्हती ती. तक्रार मागं घ्या."

"मस्करीत कानाचा पडदा फाटतो?"

"तुमी एकल्या राहता. तुमच्या शाळेच्या कमिटीत माजीच माणसा हायेत. उगा वाकडं कशाला?"

सगळं घर बाईंच्या नोकरीवर चाललेलं. 'विचार करते' हे शब्द ओठांवर आलेच होते, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

माधवी बाहेर आली. डोकं उघडं, केस जेमतेम बोटभर वाढलेले. ती सरळ केसरीनाथांसमोर उभी राहिली. "काका, जरा या बाजूला येऊन बोला. त्या कानाने मला ऐकू येत नाही."

बरोबरच्या माणसांनी माना खाली घातल्या.

"ह्ये माज्या मैनानं केलं?"

"मी तिला ताई म्हणायचे."

"न्हाय. माजी पोर आसं करनार न्हाय," ते म्हणाले खरे, पण आवाजात जीव नव्हता. जीप निघून गेली. बाईंनी कडी लावली.

ते पुन्हा आले नाहीत. तरी वर्गाच्या दारात शाळेचा शिपाई दिसला की बाईंना वाटे, नोकरी गेल्याची चिठ्ठीच आली. नोकरी मात्र टिकली. खटला टिकला नाही. पाहणाऱ्या मुलींनी साक्ष फिरवली आणि मैना लग्न होऊन सासरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातही रॅगिंगविरोधी कायदा आला. बाई धावत वकिलांकडे गेल्या. "मागच्या गुन्ह्याला तो लागू होत नाही," वकील म्हणाले.

बाई घरी आल्यावर माधवी म्हणाली, "आई, मला त्याच कॉलेजात परत जायचंय."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!" बाई कडाडल्या. आठवडाभर घरात अबोला होता. शेवटी बाईंनीच तिची बॅग भरली.

जुलैत नवा वर्ग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माधवीचा फोन आला.

"आई, काल नव्या मुलींची पहिली रात्र होती. मी माझी गादी उचलली आणि त्यांच्या खोलीत, दाराला लावून टाकली. कुणी आलं नाही."