हात वर कर आणि थांब

माझी लेक घराबाहेर बोलत नसे. घरात दिवसभर चिवचिव, आजीशी भांडण, मांजराला दम. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मात्र तोंडाला कुलूप. "लाजाळू आहे हो आमची," म्हणून मी आधी हसण्यावारी नेलं. पण पहिल्या बालवाडीतल्या मॅडम म्हणाल्या, "हिची दुसरीकडं सोय बघा," आणि माझ्या पोटात जो गोळा आला तो काही केल्या हलेना. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन चालवताना एकच विचार डोकं खायचा. ही कुठं हरवली तर कुणाला आपलं नावसुद्धा सांगायची नाही. मग काय करायचं?

शेवटी तिला आमच्या पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरीला तिचं नाव घेतलं आणि ही वर्गातून जी पळाली ती थेट फाटकापाशी, माझ्या पदरात. झालं, आता हीपण शाळा गेली, असं म्हणून मी तिथंच रडायला लागले. बाई मागोमाग आल्या आणि मलाच म्हणाल्या, "आवो, तुम्हीच असं भ्याल्यावर पोरीनं काय करायचं? न्या आज घरी, उद्या परत आणा की." पुढं त्यांनी शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिकांना विचारून एक रीत ठरवली. "बोल, बोल" म्हणून कुणी हिच्या मागं लागायचं नाही, आम्हीसुद्धा नाही. हजेरीत पूर्ण नाव घेतलं की हिनं फक्त हात वर करायचा आणि जागेवर थांबायचं. बाई स्वतः तिच्या बाकापाशी जायच्या, डोक्यावर हात ठेवायच्या आणि मगच पुढचं नाव घ्यायच्या. "हात वर कर आणि थांब, मी येते तुझ्याजवळ," एवढंच त्यांचं सांगणं. दिवाळीपर्यंत पोरगी पळायची बंद झाली. शब्द मात्र एक नाही.

मला कुठला दम निघतोय! मी जोतिबाला बोलले, माघात पाच रविवार अनवाणी खेटे घालीन, पण माझ्या लेकीला वाचा दे. कोल्हापुरातून पहाटे निघायचं आणि डोंगर चढून देवापुढं उभं राहायचं. चार खेटे मी शेजारणींबरोबर घातले. पाचव्याला पोरीला देवाच्या पायावर घालायचं म्हणून आमचे मालक तिला गाडीवरून वर घेऊन आले. गर्दीत उठून दिसावी म्हणून तिला मुद्दाम पिवळाधमक फ्रॉक शिवला होता. केवढी मी शहाणी!

देवळाच्या आवारात "चांगभलं"चा गजर चालला होता, गुलाल-खोबऱ्याची उधळण चालली होती. नारळ वाढवायला मालकांनी तिला खांद्यावरून खाली ठेवलं. तेवढ्यात मागून लोंढा आला, गुलालाचा लोट उठला, आणि डोळे चोळून बघते तर पोरगी नाही. नाहीच. मालक एकीकडं धावले, मी दुसरीकडं. "चिंगे, चिंगे" करून माझा घसा बसला. पोलिसांच्या मदत केंद्रावरचे हवालदार माईकवरून सांगायला लागले, "चिंगी नावाची सहा वर्षांची मुलगी, अंगात पिवळा फ्रॉक..." एकदा झालं, चारदा झालं. कुणी आलं नाही. खाली उतरणाऱ्या पायऱ्या, गाड्यांचा रस्ता, डोंगराचा कडा, सगळं डोळ्यांपुढं फिरायला लागलं. आणि सहज माझ्या हाताकडं लक्ष गेलं. हात गुलाबी, हिरवं लुगडं गुलाबी, समोरचे हवालदार गुलाबी. त्या डोंगरावर पिवळं असं काही राहिलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांना तिथं नसलेलीच पोरगी शोधायला सांगत होतो.

मी तिथंच खाली बसले. कळसाकडं बघून म्हणाले, "देवा, ती जन्मभर बोलली नाही तरी चालंल. मी परत मागणार नाही. नुसती दिसू दे." त्या क्षणाला मी खरंच सगळं सोडून दिलं होतं. माझ्या हातात काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. नऊवारीतली एक म्हातारी होती, कपाळभर गुलाल. म्हणाली, "रडू नगंस बाई. पोरगी शाळंत जाती न्हवं?"

"व्हय, जाती."

"मग शाळंत मारत्यात तशी हाक मार की. घरातल्या नावानं हाक मारलीस तर ती तुला हुडकत पळत सुटंल."

मी उठले, हवालदारांच्या हातातला माईक अक्षरशः ओढून घेतला आणि बाई घेतात तसं सावकाश नाव घेतलं. "अनुजा महादेव चौगुले. हात वर कर आणि थांब. मी येते तुझ्याजवळ." मग लोकांना म्हणाले, "माझी पोरगी बोलत न्हाई हो. हात वर करून उभी असंल. तेवढी बघा."

पुन्हा तेच नाव, तेच शब्द. आणि पलीकडून कुणी पुरुष ओरडला, "ए पावणं, हितं हाय बघा! दीपमाळंखाली!"

धावत गेले. नखशिखांत गुलाबी पोरगी, नुसते डोळे ओळखू येत होते. उजवा हात वर, आणि तो दुखायला लागला म्हणून डाव्या हातानं धरून ठेवलेला. मी डोक्यावर हात ठेवला तेव्हाच तिनं तो खाली घेतला. मग आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. म्हातारीच्या पाया पडायला मागं आले तर ती दिसली नाही. गर्दीत सगळेच गुलाबी, ओळखायचं कुणाला? ती कोण होती, असं लोक विचारतात. मी डोंगराच्या दिशेनं हात जोडते.

सोमवारी बाईंना सांगितलं तर त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. मी त्यांना नमस्कार करायला वाकले तर ओरडल्या, "आवो, काय करताय हे!" पण मी केला. देवाचं देणं ज्या हातांतून आलं, त्यांना नमस्कार नको?

लेक अजून वर्गात बोलत नाही. नाव घेतल्यावर हल्ली ओठ हलतात, असं बाई म्हणतात. मी देवाला बोललेला शब्द पाळलाय, परत मागितलं नाही. भीती मात्र गेलेली नाही. पुढच्या वर्गात बाई नसतील, पोरगी मोठी होईल, जग काही बाईंसारखं नाही. पोटातला तो जुना गोळा वर यायला लागला की मी मशीन थांबवते. घरात कुणी नाही बघून देव्हाऱ्यापुढं उभी राहते, उजवा हात वर करते आणि थांबते.