टिकून राहिलेला वास

लोह्याजवळच्या एका मेंढवाड्यात मी चिलटांवरचं तेल तपासत होते. मोहरीहून बारीक असलेली ही चिलटं मेंढ्यांना चावतात आणि निळ्या जिभेचा रोग पसरवतात. माझं गवती चहाचं तेल प्रयोगशाळेत छान चाललं होतं. वाड्यात मात्र तासाभरात वास उडायचा आणि चिलटं परत मेंढ्यांच्या पोटाला चिकटायची.

"म्याडम, तुमचं औषध लई घाईचं हाय," मेंढ्यांची मालकीण म्हणाली. तिच्या चार मेंढ्या या रोगाने गेल्या होत्या, त्यामुळे मला हसू आलं नाही.

नांदेडला परतल्यावर मी ओळखीच्या एका अत्तरवाल्या चाचांना विचारलं, तुमचा वास दिवसभर टिकतो कसा?

"हलका अर्क एकटा राहिला की उडतो, बेटी," ते म्हणाले. "त्याला जड तेलात बसवावं लागतं."

मी गवती चहाचं तेल करंजाच्या तेलात मिसळलं. पुढच्या आठवड्यात दोन मेंढ्या शेजारी बांधल्या आणि दुपारीच एकीला ते चोळलं. दिवस मावळताना चिलटं आली. अंगावर बसलेलं प्रत्येक चिलट मी नळीने ओढून बाटलीत घेत होते. बिनतेलाच्या मेंढीच्या बाटलीचा तळ काळा झाला. दुसऱ्या बाटलीत तीनच चिलटं होती!

मालकिणीने दोन्ही बाटल्या बॅटरीच्या उजेडात धरून निरखल्या.

"आता वाट कशाची बघायची?" असं म्हणत तिने पदर खोचला, माझ्या हातातून डबा घेतला आणि सगळ्या कळपाला तेल चोळायला सुरुवात केली. मी परतताना गाडीत मोठमोठ्याने गात होते.