कापलेला कोपरा

रिसोडला आमच्या गल्लीत ज्योत्स्नाइतकी हाताची हुशार आणि जिवाची भित्री बाई दुसरी नाही. दूध उतू गेलं तरी दिवसभर स्वतःला कोसत बसते. वाशीमहून फुलाफुलांचे कागद आणते, घड्या घालून शुभेच्छापत्रं करते आणि खोडरबर कोरून केलेले ठसे त्यावर उमटवते. मोर, पणती, केळीचं पान. सहा वर्षांत तिच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

राजपालचं पत्र तर तिने जीव ओतून केलं. राजपाल धनजचा, बायको रीतासोबत पुण्याकडे वीटभट्टीवर गेलेला. तिकडे त्यांना मुलगी झाली. गावी एकट्या राहणाऱ्या आईला, रुपाबाईला, ही बातमी शेजाऱ्यांच्या तोंडून कळू नये, थेट तिच्या हातात पडावी, ही त्याची हौस, म्हणून त्याने ज्योत्स्नाला फोनवरून पत्र करायला सांगितलं. रुपाबाईला वाचता येत नाही, म्हणून ज्योत्स्नाने आत बाळाच्या इवल्या पावलांचे ठसे काढले. शिवाय मोबाईलवर पाहिलेली नवी तऱ्हा केली. आतला गुलाबी कागद डोकावावा म्हणून बाहेरच्या घडीचा एक कोपरा कापला. लिफाफा न घालता, घडी चिकटवून, वर तिकीट लावून शनिवारी पत्र टपालात टाकलं.

बुधवारी सकाळी ती तसंच दुसरं पत्र करत होती. मीही तिथेच होते. तिची सासू रुख्मिणीबाई ते पत्र उचलायला गेली आणि तिने हात मागे घेतला.

"कोपरा काहून कापला वं?"

पूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड आलं की समजायचं, कोणी तरी गेलं. ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचायचं आणि फाडून टाकायचं. ज्योत्स्ना जेमतेम तिशीची, तिला हे कुठून माहीत असणार? मला मात्र माहीत होतं. आणि शनिवारी राजपालचं पत्र हातात घेऊन मी "छान झालं" म्हणाले होते. अक्कल गहाण पडते ती अशी.

"रुपाबाईले अक्षर वाचता येत नाही," रुख्मिणीबाई म्हणाली. "ते कोपराच वाचते आता."

राजपालचा फोन बंद. रुपाबाईकडे फोन नाही, धनजमधल्या दुसऱ्या कुणाचा नंबर नाही. आम्ही दोघी मिळेल त्या एसटीने निघालो, वाशीमला एक गाडी बदलली, कारंज्याला दुसरी. ज्योत्स्ना वाटभर फोन लावत होती आणि मला एकच विचारत होती, म्हातारीच्या छातीत कळ आली असेल तर? मी तिला धीर देत होते.

रुपाबाई अंगणात बसलेली दिसली. जिवंत आहे, हे पाहून मला रडू आलं. केस मोकळे, चूल थंड. पत्र कुंपणाच्या दगडाखाली ठेवलेलं, न उघडलेलं. काल दुपारी आलं म्हणाली.

"कोनाले वाचाले नाही देलं. वाचलं का खरं होते. नाही वाचलं तवरक माहा राजपाल जिता हाय."

ज्योत्स्ना तिच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आपली चूक, कापलेला कोपरा, नात झाल्याची गोष्ट.

"मौतीचा निरोप आननारं मानूस बी पयले असंच म्हनते," रुपाबाई म्हणाली. "समदं बरं हाय म्हून."

ज्योत्स्नाने पत्र उघडून पावलं दाखवली. राजपालने मोबाईलवर पाठवलेला फोटो दाखवला, रीता आणि तिच्या मांडीवर बाळ. म्हातारीने तो खूप वेळ न्याहाळला.

"याच्यात राजपाल कुठी हाय?"

फोटो काढणारा तोच होता, पण हे आम्ही सांगून तिला काय पटणार? ज्योत्स्नाने पुन्हा राजपालचा नंबर लावला. या वेळी घंटी वाजली.

"ताई, पोचलं का मायले पत्र?" पलीकडून राजपाल विचारत होता.

रुपाबाईने फोन दोन्ही हातांनी ओढून घेतला. माय, तुले नात झाली, तुह्यावानीच नाक हाय तिचं, असं तो सांगू लागला. तिने त्याला मधेच थांबवलं.

"नातीचं मंग सांगजो. आधी नुसता बोलत राह्य."