पिटातली उल्का आणि कपाळावरची विभूती

झरीची त्रिवेणी परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चाळिशी उलटल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं. त्या वयात बायका पोरांच्या लग्नाचं बघतात, ही बाई दलदलीतला चिखल बघत बसली. नातेवाईक बोलायचं ते बोललेच. तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

चिखल म्हणजे पीट. दक्षिणेच्या डोंगरातल्या दलदलीत गवत-शेवाळ मरतं, पाण्याखाली दबतं, पण धड कुजत नाही. हजारो वर्षं थरावर थर बसत जातो. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली जातं, तिच्या काही ध्यानात राहत नाही. पीट मात्र आभाळातून पडलेलं जागच्या जागी धरून ठेवतं. उल्का आभाळात फुटली तर तिची वितळलेली धूळ त्या वेळच्या थरात बसते, आणि त्या धुळीत निकेल, इरिडियम हे धातू साध्या मातीपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्रिवेणीला ती धूळ शोधायची होती.

दलदलीत नळी खुपसून काढलेली पिटाची लांब कांडी उभी चिरून तिच्या दोन फाका केल्या होत्या. एक त्रिवेणीच्या टेबलावर आली. दुसरी गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली, तिला कोणी हात लावला नाही.

पहिल्याच वर्षी त्रिवेणीने बार उडवला. एका थरात एवढी राख निघाली की, “इथं आख्खा डोंगर जळाला होता, उल्केनंच पेटवला,” असं तिने विभागाच्या बैठकीत ठासून सांगितलं. तिचे मार्गदर्शक माणिकराव सर शांतपणे ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “हा थर कापला कवा?”

कापला होता श्रावणातल्या सोमवारी. त्रिवेणी लिंगायत घरातली. रोज इष्टलिंगाची पूजा करून, कपाळावर तीन बोटं विभूती ओढूनच ती बाहेर पडायची. श्रावणी सोमवारी तर सासूबाई, बसम्मा, आपल्या हाताने सढळपणे लावायच्या. त्रिवेणी वजनकाट्यावर वाकली तशी शेणाच्या गोवऱ्यांची ती पवित्र राख पिटाच्या बशीत भुरभुरली. जळालेला आख्खा डोंगर बसम्माच्या देवघरातून आला होता!

विभागात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. सगळ्यात मोठ्याने हसला तो धाकटा सहकारी सिद्धोधन. पुढे कितीतरी दिवस तो विचारायचा, “मॅडम, आज कोणचा डोंगर पेटवायलाव?” त्रिवेणीही हसायची, आणि घरी येऊन रडायची. चूक तिचीच होती, म्हणून तर जास्त लागायचं.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून ती विभूती न लावता, नुसती टिकली चिकटवून कॉलेजला जाऊ लागली. बसम्माच्या जिवाला ते फार लागलं.

“आपल्या घरची सून मोकळ्या कपाळानं जायली. लोकं काय म्हणत्याल?”

“अत्याबाई, संध्याकाळी आल्यावर लावते की. तवर देव काय उठून जायलाय का?”

बसम्माने नाक मुरडलं. पण संध्याकाळी सून यायच्या वेळेला त्या विभूतीची वडी हातात घेऊन दारात थांबू लागल्या.

त्यानंतरच्या वर्षी, बऱ्याच खालच्या एका थरात, त्रिवेणीला खसखशीपेक्षाही बारीक, चकचकीत गोळ्या दिसल्या. तपासल्यावर निकेल निघालं. इरिडियमही निघालं. पण दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिणारच. तिने फक्त सरांना सांगितलं.

सरांनी आकडे दोनदा ताडून बघितले. “विभूतीत इरिडियम नसतंय, ते मला कळतंय. पण लोकांना विभूतीच आठवंल. म्हणून दुसरी फाक काढू. तुमी हात लावायचा न्हाई. सिद्धोधन कापील, आन कोणता थर बघायचा ते त्याला सांगायचं न्हाई. त्याच्यात निघालं तर तुमचं खरं. न्हाई निघालं, तर उल्केचं प्रकरण प्रबंधातून काढायचं.”

“काढा, सर,” त्रिवेणी म्हणाली. तिची मान ताठ होती.

सिद्धोधनने फाक कापून डब्यांत भरली. सरांनी डब्यांवर उलटसुलट अक्षरं टाकली, कोणतं अक्षर कोणत्या थराचं ते स्वतःकडेच ठेवलं आणि डब्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. मग वाट बघणं आलं. त्रिवेणी वर्गात शिकवायची, आणि मधेच वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघायची.

निकाल आला त्या दुपारी सिद्धोधन धापा टाकत तिच्या वर्गाच्या दारात उभा राहिला. “मॅडम, चला! एकाच डबीत इरिडियम उसळलंय, बाकी समद्या गप हायेत!”

सरांनी अक्षर जुळवलं. तोच थर होता, तीच खोली. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्रिवेणीला चक्क हात जोडले. “बाई, उल्का पडली होती. आन ती तुमाला घावली!”

“लय हसलो तुमाला,” सिद्धोधन म्हणाला. “पर ह्या बारीला माझ्या हातानं निघालीय. आता बोलंल त्याला मी बघतो.” मग पेढे आणायला तोच पळाला.

त्रिवेणीला एवढा आनंद झाला होता की रिक्षात बसल्यावर पत्ताच सुचेना. कधीकाळी आभाळ फाडत आलेल्या त्या आगीचा माग तिने काढला होता, आणि आता तो कोणी पुसू शकणार नव्हतं.

दारात बसम्मा होत्याच. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विभूती अशी ओढली की कपाळ पांढरंफेक झालं आणि राख नाकावर, पदरावर, उंबऱ्यावर पडली. त्रिवेणी सवयीने पदर झटकायला गेली, तशी बसम्माने तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे गं. आता सांडू दे!”