आवाज न करणारा डबा

मंडळी, आज एका डब्याने माझी वाट लावली.

मी आणि माझा दोस्त पक्या कोरेगाव पार्कातल्या एका महागड्या दुकानात टाइमपासला घुसलो. मी छाती काढून म्हणालो, "मॅडम, नवीन बंगल्यासाठी डबे दाखवा." पक्या हसू दाबायला मागे वळला.

मॅडमनी पितळेचा जपानी डबा काढला. हाताने घडवलेला, रोजची चहापत्ती ठेवायला. त्यांनी झाकण नुसतं वर टेकवलं आणि हात काढला. झाकण आपलं आपण हळूहळू खाली गेलं. आवाज शून्य.

"पाहिलंत?" मॅडम म्हणाल्या.

मला एकदम आमचा डबा आठवला. आमच्या घरी चिवड्याचा पत्र्याचा डबा आहे. झाकण काढलं की टण्ण! मी कितीही चोरून उघडला तरी आई बाथरूममधून ओरडायची, "गधड्या, ठेव तो खाली!" तेव्हा हा जपानी डबा असता ना, तर आख्खा चिवडा माझा होता.

आई जाऊन वर्ष होईल आता. त्या डब्याला कुणी हातच लावला नाही.

घरी आलो, डबा फळीवरून काढला आणि झाकण उघडलं. टण्ण! कुणीच ओरडलं नाही.

मग आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "परत वाजव रे."

वाजवला. तोवर त्यांनी टीव्ही बंद केला होता.

डबा रिकामाच आहे. आईसारखा थोडासा करपलेला चिवडा कुणाला जमतो का? डबा घेऊन मीच येतो.