बिनवासाचे हात

आमच्या रुग्णालयातील भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी कोणत्याही रुग्णाला कधी “घाबरू नका” असे सांगितले नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा झालेला माणूस त्यांचा हात धरून विचारी, “डॉक्टर, मी पुन्हा उठेन ना?” अशा वेळी जे मधुर असत्य बोलण्याची रीत आहे, ते बाईंच्या जिभेवर कधीच आले नाही. त्या आपला हात सोडवून घेत आणि म्हणत, “उठवायचं काम माझं, घाबरायचं तुमचं. आपापलं काम करू या.” मराठी असो, हिंदी असो की मोडकी अरबी, वाक्य तेच. एकदा आमच्याच एका परिचारिकेचा नवरा हे ऐकून हुंदके देऊ लागला. त्याच्या नाकावर मुखवटा ठेवीत त्या म्हणाल्या, “रडा, रडा. रडताना श्वास खोल जातो, गॅस लवकर लागतो.”

सौदी अरबस्तानातील हाइलच्या त्या खाजगी रुग्णालयात मी औषधविभागात होतो. बालपणी कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत धातुरूपे घोकली, पुढे पोटासाठी औषधनिर्माणशास्त्र शिकलो, आणि त्याच पोटासाठी वाळवंटात आलो. संध्या व जप मी तेथेही दार लावून नेमाने करीत असे. बाई दापोलीकडच्या कोकणी मुसलमान घरातल्या, अविवाहित, पन्नाशी ओलांडलेल्या. नमाज त्यांनी कधी चुकवला नाही, आणि समोरच्याचा पाणउतारा करण्याची संधीही कधी दवडली नाही. मला त्या “शास्त्रीबुवा” म्हणत. त्यांच्या तोंडी तो टोमणाच होता. परंतु परमुलखात मराठीतून टोमणा ऐकायला मिळणे हेही एक सुख असते, हे तेथे राहिलेल्यांना सांगावे लागणार नाही.

बाईंच्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत अजगराची एक मादी होती. शेजारच्या इमारतीतील एक गोरा इंजिनिअर करार संपताच तिला काचेच्या पेटीसह मागे टाकून मायदेशी निघून गेला होता. तिला ठेचायला माणसे फावडी घेऊन आली, तेव्हा बाईंनी पेटीच उचलून घरी आणली. त्या वेळी ती हातभर होती म्हणे. मी पाहिली तेव्हा ती बारा फुटांवर गेली होती, आणि तिच्यासाठी अर्धी खोली काच व जाळी लावून बंद केलेली होती. हाइलला हिवाळ्यात पहाटे पाणी गोठते; म्हणून नवजात अर्भकांच्या मोडीत निघालेल्या पेटीचा हीटर बाईंनी तेथे बसवला होता. तिला नाव मात्र ठेवलेले नव्हते. “नाव ठेवलं की माणूस हाक मारतो, आणि हाक मारली की ओ येईल म्हणून वाट बघत बसतो. हिच्याकडून ओ यायची नाही.” मग त्या म्हणाल्या, “माझा कफील हे हॉस्पिटल, आणि हिची कफील मी. माझा इकामा संपला की हिचाही संपला.” तेथे परक्या माणसाला जामीन राहतो तो कफील, आणि राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

एवढा मोठा अजगर एकट्याने हाताळायचा नाही, हा बाईंचा पहिला नियम. पूर्वी मदतीला येणारा तंत्रज्ञ तबूकला निघून गेला, तेव्हा त्या माझ्या औषधखिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “हात दाखवा.” मला वाटले, नाडी पाहणार असतील. त्यांनी माझा तळवा उचलून नाकाशी नेला. “कोंबडी नाही, मटण नाही, मासळी नाही. साबण आहे आणि आणखी काहीतरी.”

“चंदन,” मी म्हणालो. “पूजेचे.”

“चंदन खात नाही ती. चालेल.”

दुपारच्या जेवणानंतर त्या रुग्णालयातील यच्चयावत बोटांना मांसाचा वास येई, आणि तो वास म्हणजे अजगराला जेवणाचे निमंत्रण. “तुमची भक्ती नको मला, शास्त्रीबुवा. तुमचे बिनवासाचे हात हवेत.” पुढे दर आठवड्यास मी पत्नीसह त्यांच्याकडे जाऊ लागलो. पत्नी बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराकडे पाठ करून, कापसाच्या वाती वळीत बसे.

पहिल्या दिवशी काचेपाशी उभा राहताच माझे हात आपोआप जोडले गेले.

“काय करताय?”

“नमस्कार.”

“तिच्या ओठांवर खळगे आहेत ना, त्यांनी तिला ऊब कळते. हात सुटे असले की दोन बारीक गोष्टी. जोडलेत की एक गरम गोळा. सशाएवढा.”

मी हात सोडले. बाहेरच्या खोलीतून पत्नीचे हसू ऐकू आले.

शिकवताना बाई एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत. दार उघडण्यापूर्वी लोखंडी आकडीने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा. आज खाणे नाही, माणूस आला आहे, हे तिला कळवण्याचा तोच मार्ग. वरून हात घालायचा नाही, कारण वरून येतो तो घारीचा पंजा. उचलायचे ते बाजूने, आणि अंगाला दोन-तीन ठिकाणी आधार देऊन. तिने मान मागे खेचून वाकडी धरली की दार लावून घ्यायचे. डोळ्यांवर दुधी सावट आले की ती कात टाकणार; तेव्हा तिला नीट दिसत नाही, म्हणून जवळ जायचे नाही. खाल्ल्यावर कित्येक दिवस हात लावायचा नाही. आणि गळ्यात तर कधीच घ्यायचा नाही. “फोटोसाठी गळ्यात घेणारा आणि फास लावून घेणारा, दोघांचं प्रेत सारखंच दिसतं.”

ती माझ्या हातांवरून संथपणे सरके, तेव्हा मी मनातल्या मनात नवनागांची नावे घेत असे. तो भार अंगावर घेताना मला देवळातल्या गाभाऱ्यासारखे वाटे. एकदा मी धीर करून म्हणालो, “बाई, ती मला आता ओळखते.”

“ओळखते कसली? सवय झालीय तिला तुमची. आपल्याला पलंगाची होते तशी.”

पुढे जे घडले, ते माझ्यासारख्याच्या हातूनच घडू शकते. अजगराला बाजारातून ससा आणीत. एका गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचा ससा व्हरांड्यात पिंजऱ्यात बसला होता, पांढराशुभ्र, नाक थरथरवीत. त्याचे प्रारब्ध मला ठाऊक होते. मी पिंजऱ्यात हात घालून त्याची पाठ कुरवाळली, त्याला सद्गती मिळो म्हणून कानाशी भगवंताचे नाव घेतले, आणि त्याच हातांनी आत गेलो. बाईंनी आकडीचा स्पर्श केला, दार उघडले. जे बाहेर आले ते मला ठाऊक असलेले संथ जनावर नव्हते. काही दिसण्यापूर्वीच माझे मनगट तिच्या तोंडात होते आणि दंडापर्यंत दोन वेढे पडले होते.

मी ओरडलो. बाईंचा आवाज नेहमीच्याच पट्टीत होता. “ओढू नका. दात आत वळलेत. ओढलंत तर मांस तिच्याकडे राहील.” त्या तिच्या तोंडाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. शेपटीचे टोक धरून, ओले धोतर पिळातून सोडवावे तसा एकेक वेढा त्या उलट उलगडीत आल्या. शेवटी तिच्या जबड्याशी स्पिरिटचा बोळा धरला आणि मनगट सुटले. माझी बोटे निळी पडली होती. दारात उभ्या असलेल्या पत्नीच्या पायांशी वाती विखुरल्या होत्या.

बाईंनी आधी अजगराचे तोंड तपासले, आणि मग माझा हात उचलून हुंगला.

“सशाला हात लावलात?”

“त्याचा अंत जवळ आला होता, म्हणून...”

“म्हणून तुमचाही जवळ आणलात.” माझ्या मनगटात एक दात मोडून राहिला होता. दिवसभर लोकांना भूल देणाऱ्या त्या बाईंनी तो चिमट्याने काढला, तो मात्र भूल न देता. “लक्षात राहू दे,” त्या म्हणाल्या. “दया करायची तर करा, शास्त्रीबुवा. पण हात धुऊन आत या.”

त्यानंतर सौदीकरणाचे वारे आमच्याही रुग्णालयात शिरले. एकेका जागेवर स्थानिक तरुण येऊ लागले आणि जुन्या माणसांचे करार वाढेनासे झाले. बाईंच्या जागी एक शालीन सौदी डॉक्टर आला. त्यांना तो आदराने “दुक्तूरा” म्हणे. माझ्या पत्नीला संताप आवरेना. “इतकी वर्षं यांची माणसं झोपवलीत आणि उठवलीत, आणि हे असं?”

“वहिनी, अजगर सशावर रागावतो का?” बाई म्हणाल्या. “त्याला भूक लागते. यांची पोरं शिकून घरी बसलीत, त्यांनाही पोट आहे. आज सशात माझा नंबर लागला. यात राग कसला?” त्या तरुणाला त्यांनी हातचे काहीही न राखता सर्व शिकवले, आणि शिकवताना एकदा रडवलेही.

त्यांचे जाणे ठरले आणि त्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला: तिचे काय? भारतात नेण्याची परवानगी मिळेना. प्राणिसंग्रहालयांनी जागा नाही म्हणून कळवले. वाळवंटात सोडावी तर पहिल्याच थंडीत तडफडून मेली असती. अखेर दम्मामचा एक धनिक आला. शहराबाहेर त्याचा बगीचा होता आणि त्याला जनावरे बाळगण्याची हौस होती. त्याने काचेवर टिचक्या मारल्या, मोबाईलवर तिची छायाचित्रे घेतली आणि हसतमुखाने विचारले, पाहुण्यांची मुले येतात, तेव्हा तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावली तर चालेल ना?

“खलास,” बोलणे संपले अशा अर्थाने बाई त्याच्याच अरबीत म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला दार दाखवले. तो गेल्यावर मला म्हणाल्या, “तोंड बांधलेलं जनावर मरायला फार वेळ घेतं.”

त्या रात्री आम्ही पतीपत्नी पुष्कळ वेळ बोललो. पत्नी अखेर म्हणाली, “आणा तिला. फक्त देवघराला लागून नको.” दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितले की, आम्ही तिला सांभाळू.

“नाही. तुम्हाला नाही.”

“मी सर्व नियम पाळीन.”

“पाळाल. आणि एक दिवस पुन्हा सशाला कुरवाळाल. तुमची तिच्यावर श्रद्धा आहे, आणि श्रद्धा असलेला माणूस सावध नसतो. घरात वहिनी एकट्या असतील, त्यांना वेढा सोडवता येणार नाही. तुम्ही मराल. मग लोक फावडी घेऊन येतील आणि हिला ठेचतील.”

“म्हणजे मी मरेन, याचे काही नाही?”

“ते तुमचं तुम्ही बघा. हिची कफील मी आहे.” मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “शुक्रवारी सकाळी या. मला एकटीला धरता येणार नाही.”

आमच्या कुळात नागपंचमीला भाजीसुद्धा चिरीत नाहीत. पत्नी म्हणाली, “जाऊ नका. हे पाप कुठल्या पाण्याने धुणार?” मी विचार केला. मी गेलो नाही, तर तिचे मरण टळणार नव्हते. फक्त बाईंनी ते काम एकटीने केले असते, आणि त्यात त्या जनावराचे अधिक हाल झाले असते. शुक्रवारी मी स्नान करून गेलो. पत्नीही आली. त्या दिवशी तिने वाती आणल्या नव्हत्या.

उंटांच्या दवाखान्यातील सुदानी पशुवैद्यांनी औषध दिले होते. सुई बाईंनी स्वतः धरली. मी दोन्ही हातांवर अजगराचा भार घेतला होता. ती शांत होती. सवय झाली होती तिला माझी. पहिली सुई टोचताच तिच्या अंगातून एक लाट गेली आणि वेढा आवळला. माझ्या तोंडून नवनागांची नावे मोठ्याने निघू लागली, आणि भान येताच मी थांबलो.

“थांबलात का? म्हणा.”

“तिला ऐकू येते?”

“नाही. मला येतं.”

मी म्हणत राहिलो. तिचे अंग सैल पडत गेले. मग बाईंनी दुसरी सुई हृदयात दिली. त्या जातीचे हृदय लवकर थांबत नाही. बोटे तिच्या अंगावर ठेवून बाई जमिनीवर बसल्या. जुम्म्याची अजान झाली, नमाज संपला, बाहेर गाड्यांची वर्दळ सुरू झाली, तरी त्यांनी बोटे उचलली नाहीत, आणि मला सोडू दिले नाही.

गावाबाहेर वाळूत खोल खड्डा करून आम्ही तिला पुरले. परत निघताना गाडी मी चालवीत होतो, पत्नी शेजारी आणि बाई मागे. सोमवारी त्यांचे विमान होते. पत्नी मागे वळून, डोळे पुसत म्हणाली, “बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सुटका केलीत तिची.”

आरशात मला बाईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“शास्त्रीबुवा, तुम्ही सांगा. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?”

माणसाचा शोक हलका व्हावा अशी पुष्कळ वचने मला मुखोद्गत होती. त्यातले एखादे म्हटले असते, तर पत्नीला बरे वाटले असते, आणि कदाचित मलाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली.

“हत्या,” मी म्हणालो.

पत्नीने संतापून माझ्याकडे पाहिले. बाईंनी मात्र मान हलवली. बरोबर उत्तर आल्यावर शिक्षक हलवतात, तशी.

“चला,” त्या म्हणाल्या. “उशीर होतोय.”